मुलांना रानफुलं आणि बागेतली फुलं ओळखायला कशी शिकवावीत? (सातारा-सांगली)

यवतेश्वर_पायथा
सोसायटीतली आणि मागच्या वाडीतली मिळून दहा-बारा मुलं आहेत, वयं ६ ते १३. श्रावणापासून दिवाळीपर्यंत दर रविवारी सकाळी दीड तास त्यांना फुलं ओळखायला शिकवायचा बेत आहे. राहणं साताऱ्यात, त्यामुळे प्रत्येक पालकाचं पहिलं वाक्य ठरलेलं: "मग कासला न्या की." मला वाटतं कासचं पठार शेवटी यावं. पण मग सुरुवात कुठून? दारातल्या जास्वंदीपासून की अजिंक्यताऱ्याच्या वाटेवरच्या रानफुलांपासून? नावं घोकून घेतली तर आठवड्यात विसरतात. फुलांच्या याद्या नकोत, त्या कुठेही मिळतात. पद्धत सांगा. वही, फुलं दाबून ठेवणं, मोबाइलवरची ॲप्स यांबद्दलही मतं येऊ द्या.

कातळवेडा
कास शेवटी, याला पूर्ण अनुमोदन. तिथं फुलझाडांच्या ८५० हून अधिक जातींची नोंद आहे, त्यातल्या बऱ्याच जाती बोटाच्या पेराएवढ्या, आणि तोडून उलटसुलट करून बघायची सोय नाही. नवशिक्या मुलाला तिथं फक्त 'जांभळं' आणि 'पिवळं' दिसतं.

सुरुवात दारातून करा आणि नाव सगळ्यात शेवटी सांगा. आधी प्रत्येक फुलाला तेच पाच प्रश्न, त्याच क्रमानं. पाकळ्या किती? त्या सुट्या आहेत की बुडाशी जोडलेल्या, म्हणजे एक ओढली तर एकटी येते की सगळी नळी निघून येते? फूल चारी बाजूंनी सारखं दिसतं की त्याला वर-खाली आहे? पानं समोरासमोर की एकाआड एक? देठ मोडला तर काय निघतं: पाणी, दूध की पिवळा चीक? (हा शेवटचा प्रश्न मोठ्यांनी मोडून दाखवायचा.)

रंग मुद्दाम विचारू नका. तेरडा, गुलबक्षी, सदाफुली एकाच बागेत तीन-चार रंगांत असतात. घाणेरीच्या तर एकाच गुच्छात मधली फुलं पिवळी आणि कडेची गुलाबी-लाल, कारण फूल जुनं होईल तसा रंग बदलतो. रंगावरून शिकलेलं मूल इथं अडकतं.

मिरजेची_मीरा
पाच प्रश्न झकास, पण पहिल्याच प्रश्नाला बाग दगा देते. नर्सरीतून आणलेली निम्मी फुलं 'डबल' असतात. डबल जास्वंद, बटमोगरा, हजारी गुलाब यांत पुंकेसरांच्याच जादा पाकळ्या झालेल्या असतात. मूल मोजतं सतरा, शेजारचं मोजतं बावीस, आणि दोघांनाही वाटतं आपलं चुकलं. पहिल्या महिन्यात एकेरी फुलंच घ्या: साधी लाल जास्वंद, एकेरी गोकर्ण, सदाफुली, तगर, कण्हेर (ही फक्त बघायला, विषारी आहे). डबल फुलं नंतर आणा आणि 'जादा पाकळ्या कुठून आल्या?' हे कोडं घाला. डबल जास्वंदीत अर्धवट पाकळी झालेला, टोकाला परागकोष शिल्लक असलेला केसर हमखास सापडतो.

दुसरा सापळा झेंडू, शेवंती, सूर्यफूल. तिथं पाकळी मोजायचीच नाही. झेंडूची एक 'पाकळी' उपटून बघायला लावा, बुडाशी काळं लांबट बी लोंबतं. म्हणजे ती पाकळी एक अख्खं फूल आहे आणि झेंडू हा फुलांचा गुच्छ. हे एकदा हातात आलं की रस्त्याकडेची एकदांडी मुलं आपोआप त्याच घरात टाकतात.

आणि बोगनवेल विसरू नका. रंगीत दिसतात ती तीन सहपत्रं, म्हणजे फुलालगतची पानंच, खरी फुलं म्हणजे आतल्या तीन पांढुरक्या नळ्या.

उसाचा_तुरा
सातारकरांचं बरंय, दाराबाहेर पडलं की जागतिक वारसा. आमच्या वाळव्याकडं उत्तरेला ऊस, दक्षिणेला ऊस. पोरांना काय दाखवू?

बांधावरचा
@उसाचा_तुरा, नावातच उत्तर आहे की! उसाचा तुरा हाही फुलोराच. दिवाळीनंतर तुरे आले की एक आडवा करून भिंगाखाली धरा, रेशमी केसांत लपलेली बारीक फुलं दिसतात. गवताच्या फुलाला दिखाऊ पाकळ्या नसतात, परागण वाऱ्यानं होतं, हा धडा उसाइतका मोठ्या आकारात दुसरीकडं मिळणार नाही.

आता मूळ प्रश्न. बाग की रान हा वादच सोडा. जोड्या लावा. बागेतलं किंवा शेतातलं एक फूल आणि त्याचं रानातलं भावंड, दोन्ही एकाच ताटलीत. सांगली जिल्ह्यात बांध, कालव्याची कड आणि गावठाण एवढ्यावर हे भागतं.

जास्वंद आणि भेंडी ही पहिली जोडी. दोन्हीत पाच पाकळ्या आणि मधोमध केसरांची एकच नळी, ब्लेडनं (मोठ्यांच्या हातानं) उभी चिरली की स्पष्ट दिसते. मग अंबाडी, कापूस, आणि पडीक जागेतली पिवळी पेटारी दाखवा. पेटारी मात्र दुपारनंतर उमलते, सकाळी नेलंत तर मिटलेल्या कळ्याच मिळतील.

दुसरी जोडी वांगं आणि भुईरिंगणी. जांभळ्या जोडलेल्या पाकळ्या, मध्ये पाच पिवळे परागकोष एकमेकांना चिकटून उभे. भुईरिंगणीला पानांवरही काटे, त्यामुळं वाकून बघायचं, हात लावायचा नाही.

तिसरी कोंबडा आणि कुरडू. ज्वारी-बाजरीच्या रानात गुलाबी-पांढरी कणसं उभी असतात ती कुरडूची, बागेतला मखमली कोंबडा त्याचाच भाऊबंद. दोन्ही चुरगाळली की सारखंच काळं चकचकीत बारीक बी पडतं.

चौथी घेवडा आणि रानातला खुळखुळा किंवा कवला. वर एक मोठी पाकळी, बाजूला दोन, खाली दोन जुळून होडी झालेली. शेंग धरली की नातं सांगावंही लागत नाही. यात गोकर्ण घेतली तर सावध, तिचं फूल उलटं असतं, मोठी पाकळी खाली येते. आधी घेवडा, मग गोकर्ण.

पाचवी खास आपली: हळद आणि रानहळद. शेतातल्या हळदीला पावसाळ्याअखेर कणीस येतं. त्यातले फिके रंगीत पापुद्रे फूल नव्हेत, ती सहपत्रं. त्यांच्या खोबणीतलं पिवळट छोटं फूल ते खरं. मीराताईंनी सांगितलेल्या बोगनवेलीशी इथं सांधा जुळतो.

खटाव_एक्सप्रेस
सहा वर्षांच्या पोराला "चल, कोंबडा दाखवतो" म्हणून फूल दाखवलंत तर ते आयुष्यभर विश्वास ठेवणार नाही.

उसाचा_तुरा
@बांधावरचा, मान्य. पण बांधावर हल्ली तणनाशक मारलेलं असतं, फूल दिसतंय कुठं?

बांधावरचा
ते खरं आहे, आणि त्यात मुलांच्या बाबतीत जपायची गोष्टही आहे. द्राक्षबाग, ढोबळी मिरची, ऊस यांच्या कडेला जायच्या आधी मालकाला विचारायचं, फवारणी कधी झाली. तासगाव-पलूसकडं ऑक्टोबर छाटणीनंतर बागेत फवारणीची गडबड असते आणि नेमका तेव्हाच द्राक्षाला फुलोरा येतो. फुलोरा बघण्यासारखा असतो, कारण द्राक्षाच्या पाकळ्या उघडत नाहीत, टोपी उडावी तशा एकत्र गळून पडतात. पण बघायला मालकानं तोडून दिलेला एखादा घड पुरे. बागेत मुलं घालू नका. फूल जिभेला लावायचं नाही हा नियम पहिल्या दिवशीच.

फवारणीची भीती नको असेल तर दंडोबाचा डोंगर किंवा सागरेश्वरच्या टेकड्या. पाऊस कमी, झाडी खुरटी, आणि मुलांना फुलं डोळ्यांच्या उंचीवर मिळतात. तरवड फुललेला असला की टाकळ्याशी तुलना करा. दोन्ही पिवळी, दोन्हीला शेंगा, पण टाकळ्याच्या पानाला दलांच्या (पानातल्या छोट्या पानांच्या) तीनच जोड्या आणि शेंग लांब बारीक. तरवडाला जोड्या पुष्कळ आणि शेंग चपटी. नवरात्रात तरवडाच्या माळा घरात येतातच, तेव्हा उजळणी फुकट.

नळीतला_मध
फूल जिभेला लावायचं नाही, यावर थोडं सविस्तर. वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्यांच्या नेहमीच्या यादीतलं लिहितो.

कळलावी श्रावण-भाद्रपदात कुंपणावर चढलेली दिसते. फूल उमलताना हिरवट-पिवळं, मग केशरी, मग लाल, आणि पानांच्या टोकाला आकडे. बघायला अप्रतिम, पण सगळी वेल विषारी, कंद सर्वांत जास्त. कण्हेर आणि पिवळी कण्हेर म्हणजे बिट्टी, बिट्ट्यांनी खेळ खेळायची सवय जुनी आहे, ती बंद करा. धोतऱ्याच्या बिया, एरंडाच्या बिया, गुंजा, घाणेरीची हिरवी फळं, सगळं हातातही नको. रुईचा चीक डोळ्यात गेला तर डोळ्याला गंभीर इजा होऊ शकते. लगेच स्वच्छ पाण्यानं निदान पंधरा मिनिटं धुवायचं आणि डोळ्यांच्या डॉक्टरकडं जायचं, चोळायचं नाही. एखाद्या मुलानं काही खाल्लंच तर घरगुती उपाय करत न बसता फांदीचा तुकडा सोबत घेऊन दवाखाना गाठा, झाड ओळखलं गेलं तर डॉक्टरांना मदत होते.

गाजरगवताची पांढरी फुलं 'गोड' दिसतात म्हणून मुली गजऱ्यात घालतात. अंगाला खाज, काहींना दम्याचा त्रास. पान गाजरासारखं कातरलेलं, ही खूण आधी शिकवा.

दिवाळीच्या सुमारास डोंगरउतारावर खाजकुयली. जांभळ्या फुलांचे घोस खाली लोंबतात, ते लांबून बघा. शेंगेवरची लव लागली तर खाजवू नका, चिकटपट्टी लावून अलगद ओढा, मग धुवा.

खटाव_एक्सप्रेस
एवढं वाचल्यावर पोरांना घरात बसवून कार्टून लावावं म्हणतो.

नळीतला_मध
अहो, आठ-दहा नावं आहेत. वाहतुकीचे नियम यापेक्षा जास्त असतात, तरी मुलं शाळेत जातातच ना.

पसरणी_घाट
कातळवेडांशी एका बाबतीत असहमत. सहा-सात वर्षांच्या मुलांना रंग विचारू नका हे पुस्तकी झालं. त्या वयाला 'समोरासमोर पान' दाखवलं तरी दिसत नाही, रंग आणि वास दिसतो. त्यांना रंगानं गोळा करू द्या, आणि मग एकाच रंगाची तीन फुलं समोर ठेवून फरक विचारा. एकदांडीचा पिवळा मधला भाग, अंबुशीचं फूल, गोखरूचं फूल. तिन्ही पिवळी. आता पान बघा: अंबुशीला बदामाच्या आकाराची तीन दलं, गोखरूला चिंचेसारखी बारीक दलं, एकदांडीचं पान खरखरीत आणि दातेरी. रंगानं आत शिरायचं, पानानं बाहेर पडायचं.

वासासाठी तुळस घ्या. पान चुरगाळा, मग खोड दोन बोटांत फिरवा, चौकोनी लागतं. तसंच चौकोनी खोड कुंभ्याला आणि दीपमाळेला. डोळे मिटून फक्त बोटांनी ओळखायचा खेळ लहानांना मोठ्यांपेक्षा चांगला जमतो.

कातळवेडा
@पसरणी_घाट, 'रंगानं आत, पानानं बाहेर' हे चालेल. लहानांपुरता माझा नियम मागे घेतो, दहाच्या पुढच्यांना मात्र लागू ठेवा.

मिरजेची_मीरा
वेळेबद्दल कुणी बोललं नाही. रविवारी सकाळी दीड तास म्हणताय, तो ८ ते ९:३० ठेवा. केन्याचं निळं फूल सकाळी उमलतं आणि दुपारपर्यंत मिटून चिखल होतं. प्राजक्त बघायचा तर त्याहून आधी. गुलबक्षी चार-पाच वाजता उघडते, तिच्यासाठी एखादी संध्याकाळ वेगळी. गुलबक्षीची गंमत अशी की रंगीत कर्णा ही पाकळी नाहीच, तो निदलपुंज आहे, म्हणजे पाकळ्यांखालचा, एरवी हिरवा असणारा भाग.

केना उपटायला मिळाला तर मुळापाशी बघा. जमिनीखालीही मिटलेली पांढरट फुलं असतात, ती न उमलताच बी धरतात. बारा-तेरा वर्षांची मुलं यावर भरपूर वाद घालतात.

वाचक_मी_फक्त
वाचनखूण साठवली. ॲपबद्दल कुणी सांगेल का? आमच्याकडं मुलं थेट मोबाइल धरतात, उत्तर आलं की पुढं पळतात.

पसरणी_घाट
मोबाइल शिक्षकाच्या खिशात. मुलांनी पाच प्रश्नांची उत्तरं लिहिल्यावरच बाहेर काढायचा. आणि एक फोटो कधीच पुरत नाही, चार लागतात: अख्खं झाड, फूल समोरून, फूल मागून किंवा बाजूनं (निदलं दिसायला हवीत), आणि खोडाला जोडलेलं पान. शेजारी पेन्सिल ठेवा म्हणजे आकार कळतो.

सीक हे मुलांसाठी बरं, खातं उघडावं लागत नाही. प्लांटनेटमध्ये फूल, पान, फळ असं सांगता येतं. आयनॅचरलिस्टवर माणसं नाव तपासतात आणि धोक्यातल्या जातींचं नेमकं ठिकाण झाकलं जातं, पण ते मोठ्यांच्या खात्यातून. चूक कुठं होते? संकरित बागफुलं, नुसती कळी, गवतं, आणि रंगानं सारख्या असलेल्या पिवळ्या रानफुलांत. ॲपनं तीन नावं सुचवली तर मुलांना विचारा, आपल्या फुलाला पानं समोरासमोर आहेत, यातल्या कुणाला आहेत? म्हणजे ॲप उत्तर न राहता प्रश्न होतं.

उसाचा_तुरा
फोटोपेक्षा दाबून ठेवलेलं बरं ना? शाळेत वहीत चिकटवायचो, चार दिवसांत बुरशी.

नळीतला_मध
बुरशी येते कारण ओलं फूल थेट वहीत चिकटवलं जातं, त्यात वरून चिकटपट्टी, म्हणजे ओल बाहेर पडायला वाटच नाही. आधी वाळवा. जुन्या वर्तमानपत्राच्या घडीत फूल-पान पसरा, पाकळ्या बोटानं सरळ करा, एका घडीत एकच झाड. खाली-वर जाड पुठ्ठा, वर पाच-सहा किलो वजन. पहिले चार-पाच दिवस कागद रोज बदलायचा, हीच पायरी लोक चुकवतात. नंतर एक दिवसाआड. कोरड्या हवेत दहा-बारा दिवस, पावसाळ्यात त्याहून जास्त. पान वाकवल्यावर कुरकुरलं आणि गालाला लावून गार लागलं नाही की झालं. मग जाड कागदावर पांढरा डिंक ठिपक्याठिपक्यानं. नोंदीशिवाय चिकटवू नका: तारीख, जागा, झाडाची उंची आणि ताज्या फुलाचा रंग. रंग लिहायचाच, कारण केन्याचा निळा वाळल्यावर उडतो.

तेरडा, अळू, निवडुंग असलं रसाळ काही दाबू नका, काळा लगदा होतो. त्यांचं चित्र काढा. आणि दाबायची फुलं फक्त दारातली आणि बांधावरची. डोंगरावरची आमरी (ऑर्किड), कंदीलपुष्प यांना हात नाही.

वाचक_मी_फक्त
नावं मराठी की शास्त्रीय, ते राहिलं.

मिरजेची_मीरा
मराठी, पण वहीत शेजारी रकाना मोकळा ठेवा. सोनचाफा, देवचाफा, हिरवा चाफा, भुईचाफा, चौघांचा एकमेकांशी जवळचा संबंध नाही. देवचाफ्याचा देठ मोडला की दूध येतं, सोनचाफ्याला येत नाही, एवढं दहा वर्षांच्या मुलाला पुरे. त्यानं स्वतःहून विचारलं की मग शास्त्रीय नाव.

कातळवेडा
कासचं राहिलं होतं. २०१२ मध्ये पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारशात आलं तेव्हापासून गर्दी आहे, म्हणून शनिवार-रविवार टाळा आणि जायच्या आधी प्रवेशाचे त्या वर्षीचे नियम बघा. साताऱ्यापासून साधारण २५ किलोमीटर. भाद्रपद-आश्विन हा काळ धरा. जांभ्या कातळावर माती काही बोटांचीच, त्यामुळं वाटेबाहेर पाऊल पडलं की तुडवलेला तुकडा लवकर भरून येत नाही. वाटेच्या कडेला बसूनच बघायचं, १० पट मोठं दाखवणारं भिंग दोघांत एक.

तिथं पाच-सहा जातींपलीकडं जाऊ नका. पांढरी बटणं म्हणजे गेंद. इथं आधी शिकवलेला झेंडू घात करतो, मुलं त्याला त्याच घरात टाकतात. पानं बघायला सांगा, गवतासारखी, सरळ शिरांची. जांभळी सीतेची आसवं, तिच्या मुळाशी कीटक धरणाऱ्या बारीक पिशव्या असतात, पण उपटून दाखवायच्या नाहीत, चित्र घेऊन जा. शेजारी दवबिंदू नावाची वनस्पती, तिचे चिकट थेंब भिंगातून दिसतात. मातीत नत्र कमी म्हणून या दोघी किडे खातात, हे तिथंच सांगा. कवला, ज्याला पोरं मिकी माउस म्हणतात, पिवळ्या मोठ्या पाकळीवर दोन तांबडे ठिपके. आणि तेरडा. दारातल्या तेरड्याची शेपटी आधी बघितलेली असेल तर कासच्या गुलाबी गालिच्यात मुलं ती आपणहून शोधतात.

टोपली कारवी फुललेली नसेल तर निराश होऊ नका, ती सात वर्षांनी फुलते. पसरलेली टोपलीच्या आकाराची झुडपं मात्र दरवर्षी दिसतात.

वायतुरा बघायचा असेल तर पावसाच्या सुरुवातीलाच. इंग्रजी वाय अक्षरासारखा दुभंगलेला तुरा, आणि शास्त्रीय नावात साताऱ्याचं नाव आहे, सातारची पोरं यावर खूश होतात.

यवतेश्वर_पायथा
सगळ्यांचे आभार. एकच अडचण: ६ आणि १३ एकत्र कसे सांभाळायचे?

बांधावरचा
जोडीनं. एक मोठं, एक लहान. लहान्यानं शोधायचं, मोठ्यानं पाच प्रश्न लिहायचे. सुतळीचा एक मीटरचा चौकोन जमिनीवर टाका, त्यातल्याच जाती बघायच्या, आणि दर रविवारी तोच चौकोन. एका दिवसाला पाच जातींवर जाऊ नका. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात मोठ्यांना हो-नाहीच्या चिठ्ठ्या बनवायला लावा. सहा फुलं घ्या: जास्वंद, झेंडू, गोकर्ण, सदाफुली, भेंडी, तुळस. 'खोड चौकोनी आहे?' हो असेल तर तुळस. 'पाकळीच्या बुडाशी बी आहे?' झेंडू. 'वर-खाली वेगळं दिसतं?' गोकर्ण. 'मध्ये केसरांची नळी आहे?' नाही तर सदाफुली. जास्वंद आणि भेंडी उरतात, त्यांच्यात फरक करणारा प्रश्न मुलांनीच शोधायचा. 'फूल लाल आहे?' असं हमखास येतं, तेव्हा पिवळी जास्वंद पुढं करा.

मिरजेची_मीरा
तुळशीचं फूलही वर-खाली वेगळंच असतं, म्हणून चिठ्ठ्यांचा क्रम बदलू नका.

यवतेश्वर_पायथा
या रविवारी जास्वंद-भेंडीनं सुरू करतो. पाऊस सलग असला तर? जास्वंदीची फुलं पार लिबलिबीत होतात.

मिरजेची_मीरा
शनिवारी संध्याकाळी टपोऱ्या, टोकाला रंग दिसणाऱ्या कळ्या तोडून पाण्यात ठेवा, सकाळी घरात उमलतात. परागही धुऊन गेलेले नसतात. भेंडी मात्र सकाळीच आणा, एका दिवसाचं फूल ते, दुपारपर्यंत मिटायला लागतं.

खटाव_एक्सप्रेस
आणि उरलेल्या भेंडीची भाजी. कांदा जास्त घाला.